उन्हाळ्याची पेरणी दिवाळीत

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला केमिस्ट्री घेऊन शिकणाऱ्या मुलीने विचारलंय: "मॅडम, उन्हाळ्याच्या सुट्टीत मोठ्या संस्थांत संशोधन करायला मिळतं असं ऐकलं. ते फक्त आयआयटी-आयसरवाल्यांसाठी असतं का? आमच्या कॉलेजात संशोधन होत नाही. सीजीपीए 8.1 आहे, इंग्रजी कच्चं आहे. एक संस्था 12 हजार भरले की महिनाभराची 'रिसर्च इंटर्नशिप' आणि सर्टिफिकेट देतो म्हणते, ते घेऊ का? घरचे दोन महिने एकटीला पाठवतील का, तेही माहीत नाही. माझी एक मैत्रीण फिजिक्सला आहे, एक मॅथ्सला. त्यांच्यासाठीही सांगा."

आधी 12 हजारांचं संपवू. भरू नकोस. माझ्या टेबलावर दरवर्षी उन्हाळी विद्यार्थ्यांचे अर्ज येतात. त्यात असली सोनेरी काठाची सर्टिफिकेटं जोडलेली असतात आणि निवडताना त्यांना कवडीचं वजन नसतं. "महिनाभरात काय केलंस?" असं विचारलं की मूल गप्प होतं, कारण केलेलं काहीच नसतं, व्हिडिओ पाहिलेले असतात. एक फरक मात्र ध्यानात ठेव. काही सरकारी प्रयोगशाळा विद्यार्थ्यांकडून रीतसर पावती देऊन प्रशिक्षण शुल्क घेतात. रसायनं, काच, उपकरणांची वेळ यांना पैसे लागतात, त्यामुळे त्यात गैर काही नाही. ओळखायचं सोपं आहे. जिथे काम करायचं ती खोली, तो माणूस आणि ते उपकरण आधी सांगितलं जातं, ती जागा खरी. जिथे आधी रक्कम सांगतात आणि विषय "तुमच्या आवडीचा" असतो, तिथून निघायचं.

आता मुख्य प्रश्न. नाही, हे फक्त आयआयटी आणि आयसर (केंद्राच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) यांच्या मुलांसाठी नाही. पण त्यांना एक गोष्ट कळलेली असते जी तुला कोणी सांगितलेली नाही: मे महिन्यातली जागा नोव्हेंबर ते जानेवारीत भरते. तुझ्या कॉलेजातली मुलं एप्रिलमध्ये पेपर संपले की "मॅडम, सुट्टीत काही मिळेल का?" असं विचारतात. तोवर गाडी कधीच सुटलेली असते. आता पोळा नुकताच झालाय, म्हणजे तू वेळेवर विचारलंस. रब्बीसारखंच आहे हे, दिवाळीच्या आगेमागे पेरलं तर उन्हाळ्याच्या तोंडावर हाती येतं.

कुठे अर्ज करायचा

तुझ्यासाठी पहिलं नाव तीन विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी संशोधन फेलोशिपचं. बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस (सी. व्ही. रामन यांनी 1934 मध्ये स्थापलेली), दिल्लीची इन्सा (इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी) आणि प्रयागराजची नासी (नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस) या तिघी मिळून हा कार्यक्रम चालवतात. देशभरातले शास्त्रज्ञ त्यात मार्गदर्शक असतात, काम दोन महिन्यांचं असतं, विद्यावेतन आणि रेल्वेभाडं मिळतं. अर्ज ऑनलाइन असतो आणि साधारण नोव्हेंबरअखेर बंद होतो. गुणपत्रकं, एका प्राध्यापकांचं शिफारसपत्र आणि 'मला काय करायचंय' हे सांगणारं तुझं छोटं टिपण, एवढंच लागतं. इथे तुझ्या कॉलेजचं नाव तुझ्या आड येत नाही. येतं ते टिपण. त्याकडे नंतर सविस्तर वळते.

दुसरं बंगळुरूच्या जक्कूरमधलं जवाहरलाल नेहरू केंद्र. त्यांचाही दोन महिन्यांचा उन्हाळी कार्यक्रम आहे. त्याच केंद्रात केमिस्ट्री आणि बायॉलॉजीच्या मुलांसाठी आणखी एक सुंदर योजना आहे. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला निवड होते आणि मग सलग उन्हाळे तिथे जाऊन काम करायचं. ती वेळ तुझी टळली. पण तुझ्या कॉलेजातल्या एफवायच्या पोरींना हे आजच सांग. तसंच मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा 'नियस' हा कार्यक्रम. 2004 पासून चालतो, मुख्यतः पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठी. आधी शिबिर, त्यातून काहींना पुढे वर्ष-दोन वर्षं सुट्ट्यांमध्ये प्रकल्प. आपल्या राज्यात असूनही विदर्भ-मराठवाड्यातून त्याला फार कमी अर्ज जातात, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं.

तिसरं, मुंबईच्या टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्था) व्हीएसआरपी हा उन्हाळी संशोधन कार्यक्रम. विषयागणिक पात्रता वेगळी असते आणि बऱ्याच विषयांत एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या मुलांकडे कल असतो, म्हणून जाहिरातीतली पात्रतेची ओळ नीट वाच. या वर्षी बसत नसशील तर वहीत टिपून ठेव. पुढे कामाला येईल.

फिजिक्सवाल्या मैत्रिणीला पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राचा सुट्टीतला विद्यार्थी कार्यक्रम आणि खगोलशास्त्राची उन्हाळी शाळा यांची पानं बघायला सांग. पुण्यातच एनसीआरए हे रेडिओ खगोलशास्त्राचं राष्ट्रीय केंद्र आहे. नारायणगावजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 डिशची जीएमआरटी दुर्बीण आहे, ती त्यांचीच. पदवीच्या मुलांसाठी ते रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा घेतात, त्यामुळे तिला मेपर्यंत थांबायचीही गरज नाही. मॅथ्सवालीला एमटीटीएस, म्हणजे मॅथेमॅटिक्स ट्रेनिंग अँड टॅलेंट सर्च. 1993 पासून चालतं. चार आठवडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत गणित आणि फळ्यापाशी उभं करून "हे असं का?" हा एकच प्रश्न. यातून परतलेली मुलं पाठांतराला कायमची निरुपयोगी होतात. यापेक्षा मोठी शिफारस माझ्याकडे नाही.

याशिवाय सरळ एखाद्या शास्त्रज्ञाला लिहूनही जागा मिळते. पुण्यात पाषाणला एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि आयसर एकमेकांना खेटून आहेत, गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे, मुंबईत माटुंग्याला आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था), गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. तुझ्याच जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी 2020 च्या जूनमध्ये गुलाबी झालं, तेव्हा त्यामागे क्षारप्रेमी सूक्ष्मजीव आहेत हे आघारकरच्या शास्त्रज्ञांनी नमुने तपासून सांगितलं होतं. म्हणजे तुमच्याकडचं पाणी पुण्यातल्या मायक्रोस्कोपखाली जाऊन आलंय. पाण्यामागून तुलाही जाता येईल.

टिपण

खरी झुंज इथे आहे, म्हणून इथे रेंगाळते.

मी गेली बरीच वर्षं असे अर्ज वाचते आहे. एका बैठकीत पन्नास-साठ वाचावे लागतात आणि एकाला पाच मिनिटं मिळाली तर पुष्कळ. त्यातले चाळीसेक अर्ज असे सुरू होतात: "मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे. आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याची संधी मिळाल्यास मी तिचं सोनं करीन." इंग्रजीत असतं, पण वाक्य हेच. अलीकडे दोन वर्षांत तर आणखी गंमत झालीय. ही वाक्यं चॅटजीपीटीकडून लिहून घेतात, त्यामुळे ती निर्दोष असतात आणि सगळ्यांची सारखी असतात. एका वर्षी सात अर्जांत शेवटचा परिच्छेद जवळपास शब्दशः एक होता. सातही बाजूला गेले.

दुसरा प्रकार 'नॅनो'वाल्यांचा. कढीपत्त्याच्या, तुळशीच्या नाहीतर कडुनिंबाच्या रसातून चांदीचे नॅनोकण. महाराष्ट्रातल्या दर तिसऱ्या बी.एस्सी. प्रकल्पात हेच असतं. मी त्याला नावं ठेवत नाही, हात बसायला चांगलं आहे. पण अर्जात "आम्ही नॅनोकण तयार केले, द्रावण तपकिरी झालं" इथे गोष्ट थांबते. तपकिरी का झालं? त्या कणांमधले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकत्र डोलतात आणि साधारण 400 ते 450 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषला जातो, म्हणून. हे एक वाक्य लिहिणारं मूल मी लगेच बोलावते. "रस जास्त घातला तर शोषणाच्या आलेखातलं शिखर सरकलं, का ते कळलं नाही" असं लिहिणारं तर त्याच्याही आधी.

कारण निवडणाऱ्याला हुशारी मोजायची नसते, ती गुणपत्रिकेत दिसते. त्याला एवढंच बघायचं असतं की या पोरीने कधी स्वतःहून एखाद्या गोष्टीला 'का' विचारलंय का आणि उत्तरासाठी हातपाय हलवलेत का.

"आमच्या कॉलेजात संशोधन होत नाही," असं तू लिहिलंस. तुझं गाव खारपाणपट्ट्यातलं आहे, असंही शेवटी ओझरतं लिहिलंयस. अगं, मग तुझा प्रश्न तुझ्या विहिरीत आहे! पूर्णा नदीच्या खोऱ्यातला अकोला, अमरावती आणि बुलढाण्याचा तो पट्टा. खोल चिकणमाती, निचरा कमी, भूजल खारट. तुझी आई डाळ शिजत नाही म्हणून कोणतं पाणी वापरते, साबणाला फेस कुठल्या पाण्यात येतो, हे तुला पाठ असेल. आणि दुसऱ्या वर्षापर्यंत तुझ्या हातून सिल्व्हर नायट्रेटने क्लोराइडचं टायट्रेशन (थेंबाथेंबाने द्रावण घालून केलेलं मोजमाप) झालंय, ईडीटीए या रसायनाने पाण्याच्या कठीणपणाचंही झालंय किंवा होईल. हे दोन प्रॅक्टिकल एकत्र केले की झालं तुझं संशोधन.

असं कर. गावातले पाच जलस्रोत निवड. एक जुनी विहीर, दोन बोअर (एक उथळ, एक खोल; खोली घरमालकाला विचारून लिही), नळाचं पाणी आणि जमलं तर नाल्यापलीकडचं एखादं. आता पावसाळ्याच्या अखेरीस एकदा नमुने घे, दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा घे. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, तारीख, वेळ आणि जागा बाटलीवर लिहायची. क्लोराइडसाठी पोटॅशियम क्रोमेट घालून विटकरी रंगाची पहिली झाक येईपर्यंत, कठीणपणासाठी पीएच 10 वर धरून ठेवणारं बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंगदर्शक घालून वाइनसारख्या लालवरून निळ्यापर्यंत. प्रत्येक नमुन्याची तीन जुळणारी वाचनं, शिवाय डिस्टिल्ड वॉटरचं ब्लँक, म्हणजे नमुन्याऐवजी शुद्ध पाणी घेऊन केलेलं तेच मोजमाप. प्रयोगशाळा सहायकांना आधी सांगून ठेव. ती मंडळी मनाने मोठी असतात, फक्त कोणी विचारत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 1000 पर्यंत चालवून घेतात. एकूण कठीणपणा, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात, 200 आणि 600. तुझे आकडे या रेघांच्या कुठे पडतात ते बघ.

मग टिपणात लिही: "पाचपैकी खोल बोअरमध्ये क्लोराइड इतकं, उथळमध्ये इतकं. पावसाळ्याच्या अखेरीपासून दिवाळीपर्यंत विहिरीचं बदललं, बोअरचं बदललं नाही. माझा अंदाज असा आहे, पण तो तपासायला सोडियम मोजावं लागेल आणि आमच्याकडे फ्लेम फोटोमीटर नाही." आकडे काय येतील ते येवोत, उलटेही येतील. शेवटचं वाक्य मात्र निवडणाऱ्याच्या काळजाला हात घालतं. तुला काय हवंय आणि कशासाठी, हे त्यात आलं.

एक ताकीद. या पट्ट्यातल्या पाण्याचा मूत्रपिंडाच्या आजारांशी संबंध जोडणाऱ्या बातम्या तू वाचल्या असशील. टिपणात त्यात पडू नकोस. पाच बाटल्यांतून आजाराबद्दल काही सिद्ध होत नाही, आणि जाणत्या वाचकाला तिथेच ठेच लागते. जेवढं मोजलं तेवढंच बोलायचं. दुसरं, मोह झाला तरी लोणारला बाटली घेऊन जाऊ नकोस. ते अभयारण्य आहे, 2020 पासून रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथून पाणी काढता येत नाही.

थेट पत्र

शास्त्रज्ञाला थेट ईमेल करायचा असेल तर लांबण लावू नकोस. मी कोण, तुमचं कोणतं काम वाचलं, माझ्या हातून काय झालंय, कोणत्या तारखांना येऊ शकते, आणि ते शक्य आहे का. पाच-सहा वाक्यं. सोबत एक पानी बायोडेटा आणि गुणपत्रक. 'वाचलं' म्हणजे अख्खा शोधनिबंध कळायला हवा असं नाही. पहिली दोन पानं आणि आकृत्या बघ, न कळलेला एक मुद्दा नेमका पकड आणि तो विचार. मला एकदा एका मुलाने लिहिलं होतं, "तुमच्या तिसऱ्या आकृतीतला उजवीकडचा आलेख शून्यापासून का सुरू होत नाही?" आमची चूक होती ती. तो मुलगा दोन उन्हाळे आला.

आणि एकच ईमेल चाळीस जणांना पाठवू नकोस. मला असे येतात, ज्यात वरच्या रांगेत माझ्यासकट सगळ्या मित्रांचे पत्ते दिसत असतात. मग आम्ही चहाला भेटल्यावर एकमेकांना विचारतो, "तुलाही 'रिस्पेक्टेड सर' आला का?" (मी बाई आहे.) आठवड्याला दोन-तीन पत्रं, प्रत्येक वेगळं. उत्तर नाही आलं तर पंधरा दिवसांनी एकदा नम्र आठवण, मग सोडून द्यायचं. वीस पत्रांना दोन उत्तरं आली तरी चांगलं म्हणायचं.

शिफारसपत्र प्राचार्यांचं घेऊ नकोस, ज्यांनी तुला ब्युरेटपाशी उभं पाहिलंय त्या सरांचं किंवा मॅडमचं घे. तीन आठवडे आधी सांग आणि सोबत एक कागद दे: कोणता कार्यक्रम, शेवटची तारीख, मी हे हे केलं. त्यांना सगळं आठवत नसतं, आणि आठवण करून देण्यात आगाऊपणा नाही. ऑनलाइन अर्जात बहुधा दुवा थेट त्यांच्या ईमेलवर जातो आणि तो स्पॅममध्ये पडून राहतो. किती चांगले अर्ज एवढ्यासाठी अपुरे राहतात! शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी त्यांच्या शेजारी उभी राहून तो दुवा उघडून घे.

इंग्रजी, परीक्षा, घर

इंग्रजीचं फार मनावर घेऊ नकोस. प्रयोगशाळेत बंगाली मुलगा, तमिळ मुलगी, मणिपूरचा एखादा असे सगळे असतात आणि सगळ्यांचंच इंग्रजी आपापल्या मातीचं असतं. लिहिताना लहान वाक्यं लिही. मुलाखत झालीच तर "मला हे माहीत नाही" हे वाक्य मात्र न अडखळता म्हणता आलं पाहिजे. ते म्हणता येत नाही म्हणून हुशार मुलं थापा मारतात आणि बुडतात.

परीक्षेची अडचण इंग्रजीपेक्षा खरी आहे. तुमच्याकडच्या उन्हाळी परीक्षा कधीकधी मेच्या उत्तरार्धात सरकतात आणि कार्यक्रम मेच्या मध्यालाच सुरू होतात. अर्जातच लिही: "परीक्षा अमुक तारखेपर्यंत चालू शकते, त्यानंतर आठ आठवडे येऊ शकते." बहुतेक मार्गदर्शक तारखा पुढे-मागे करतात. लपवलंस आणि ऐन वेळी सांगितलंस, तर जागा जाते आणि पुढच्या वर्षी तुमच्या कॉलेजच्या मुलाकडेही जरा साशंकपणे बघितलं जातं. प्राचार्यांचं ना हरकत पत्र आणि बोनाफाइड जानेवारीतच करून ठेव. मेमध्ये ऑफिस अर्धं रिकामं असतं.

नवीन चार वर्षांच्या पदवीत चौथं वर्ष 'ऑनर्स विथ रिसर्च' करायचं असेल, तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) चौकटीप्रमाणे पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात. तेव्हा उन्हाळ्याच्या नादात एप्रिलचे पेपर पाडू नकोस, एवढं बजावून ठेवते.

घरचं. मी स्वतः सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कॉलेजातून पहिल्यांदा बंगळुरूला गेले, तेव्हा माझ्या वडिलांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. शेवटी कामाला आलं ते निवडीचं छापील पत्र. त्यावर वसतिगृहाचं नाव होतं आणि दूरध्वनी क्रमांक होता. वडिलांनी तो क्रमांक एसटीडी बूथवरून फिरवला, पलीकडच्या वॉर्डन बाईंशी तोडक्या हिंदीत बोलले आणि मग म्हणाले, "जा." तेव्हा घरी "मला जायचंय" म्हणण्याआधी राहण्याची सोय कुठे, मुलींचं वसतिगृह आहे का, रात्री किती वाजता बंद होतं, हे संस्थेला विचारून कागदावर घे. अकादमीच्या फेलोशिपमध्ये राहण्याबद्दल यजमान संस्थेकडे विचारणा करता येते. थेट पत्राने मिळवलेल्या जागेत वसतिगृह मिळेलच असं नाही, विद्यावेतनही बहुधा नसतं. पुण्यात राहणारी एखादी मावशी-आत्या असेल तर पुण्याचे अर्ज आधी कर, यात कमीपणा काही नाही. आणि विद्यावेतन असलं तरी ते उशिरा हातात येतं. पहिल्या महिन्याच्या जेवणाचे पैसे घरून न्यावे लागतात, हे वडिलांना आत्ताच सांग, मेमध्ये नको.

गेल्यावर

बंगळुरूत माझ्या चौथ्या आठवड्यात मी अकरा दिवसांचं काम बेसिनमध्ये ओतलं. खरंच ओतलं. सेपरेटिंग फनेलमध्ये (एकमेकांत न मिसळणारे द्रव वेगळे करायचं तोटीचं भांडं) दोन थर होते. पाणी नेहमी खाली असतं, अशी माझी समजूत. पण द्रावक डायक्लोरोमिथेन होतं, ते पाण्यापेक्षा जड, घनता 1.33 च्या आसपास. माझा पदार्थ खालच्या थरात होता आणि मी तो 'पाणी' म्हणून सोडून दिला. (तसं द्रावक बेसिनमध्ये ओतायचंही नसतं, तो वेगळा ओरडा बसला.) मार्गदर्शक शांतपणे म्हणाले, "पदार्थ हातात येईपर्यंत काहीही फेकायचं नाही." आज माझ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला मी पहिल्या दिवशी तेच सांगते, आणि दर दोन वर्षांनी कोणीतरी तेच करतं.

सांगायचं कारण, आठ आठवड्यांत फार काही होत नाही. पहिला आठवडा सुरक्षा, ओळखी आणि कोणती बाटली कुठे यात जातो. शेवटचा अहवाल लिहिण्यात. मधल्या सहांत एक तंत्र नीट हातात बसलं आणि एखादी गोष्ट चालत नाही हे प्रामाणिकपणे कळलं, तर उन्हाळा सार्थकी लागला. "पेपरमध्ये माझं नाव येईल ना?" हे पहिल्याच दिवशी विचारणारी मुलं असतात. तू विचारू नकोस. वही मात्र रोज लिही, पेनने, तारीख घालून. फसलेला प्रयोग तर आधी लिही. आणि तुझ्या शेजारी काम करणाऱ्या पीएच.डी.च्या ताईशी गट्टी कर. सरांपेक्षा तीच तुला जास्त शिकवेल. चहाला बोलावलं की जा. अर्ध्याअधिक गोष्टी तिथे कळतात.

परदेशाचं तू विचारलं नाहीस, पण मैत्रिणी विचारतील. डीएएडी या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची 'वाइज' योजना ठरावीक संस्थांच्या विद्यार्थ्यांपुरती आहे. कॅनडाची मायटॅक्स ग्लोबलिंक ही संशोधन इंटर्नशिप 12 आठवड्यांची. जपानमधल्या ओकिनावाच्या ओआयएसटी या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेची इंटर्नशिप कॉलेजचं नाव बघून दार लावत नाही आणि प्रवासखर्चही देते, म्हणून तिसऱ्या वर्षात तिच्यावर डोळा ठेव. अमेरिकेतल्या एनएसएफच्या (राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान) आरईयू नावाच्या पदवी विद्यार्थ्यांसाठीच्या संशोधन जागा तिथल्या नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांनाच असतात. न्यू जर्सीत वाढलेली एखादी चुलत बहीण असली तर ती भरू शकेल, तू नाही.

नाही झालं तर

पहिल्या वर्षी होत नाही, बऱ्याच जणांचं होत नाही. माझंही दुसऱ्या खेपेला झालं. नकाराचं पत्र येत नाही, नुसती शांतता येते, त्याने खचू नकोस. तेव्हा मेमध्ये तुझ्या पाच जलस्रोतांचं पाणी ऐन उन्हाळ्यात, पातळी तळाला गेल्यावर, पुन्हा मोज. पावसाळ्याची अखेर, दिवाळी, मे, अशी तीन ऋतूंची मालिका एका बी.एस्सी.च्या मुलीकडे असणं ही काही लहान गोष्ट नाही. पुढच्या नोव्हेंबरचं टिपण तुझं अर्धं लिहून झालेलं असेल. फिजिक्सवालीलाही घरबसल्या काम आहे. जीएमआरटीची जुनी निरीक्षणं सर्वांसाठी खुली असतात आणि 'रॅड ॲट होम' नावाचा भारतीय गट कॉलेजच्या मुलांना रेडिओ आकाशगंगा शोधायला शिकवतो. त्याला लॅपटॉप आणि चिकाटी एवढंच लागतं.

आता लगेच करायचं ते इतकंच. या रविवारी पाच जागा ठरव, बोअर किती खोल ते विचारून घे, बाटल्या जमव. अकादमीच्या संकेतस्थळावर या वर्षीची तारीख बघून भिंतीवर लिही. पहिल्या फेरीचे आकडे आले की मला पाठव. तक्त्यात ब्लँकचा रकाना हवा, आणि सिल्व्हर नायट्रेटची बाटली तपकिरी काचेचीच घे, नाहीतर दिवाळीपर्यंत ते काळं पडेल.